किडलेली कोठी: नाशिकच्या एका फ्लॅटमधल्या वर्षभराच्या गव्हाचं प्रकरण

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. माणसं सहा: निवृत्त विज्ञानशिक्षक असलेले सासरे (सगळे त्यांना सर म्हणतात, मीही), सासूबाई, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडं. घरात वर्षाचं धान्य भरायची पद्धत. गहू अडीच क्विंटल, निफाड तालुक्यात सरांच्या धाकट्या भावाच्या शेतात पिकलेला. इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ अर्धा क्विंटल. शिवाय अख्खे मूग, मटकी, हरभरा आणि तूरडाळ. हे सगळं एप्रिलमध्ये भरलं गेलं आणि ऑगस्टमध्ये किडलेलं सापडलं.

मी कृषी कीटकशास्त्र शिकले आणि साठवलेल्या धान्यातल्या किडींवरच माझं बहुतेक काम झालं, म्हणून सुनेने मला फोन केला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर, ट्यूबलाइटखाली, ओट्याच्या कडेला बारीक तपकिरी किडे फिरत होते. रोज झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी तितकेच. पावसाळ्यामुळे ते बाहेरून येताहेत असा घरच्यांचा समज झाला होता. म्हणून खिडकीला नवी जाळी बसवली, सिंकच्या पाइपाभोवतीची फट व्हाइट सिमेंटने बुजवली, झुरळांवर फवारणी करणाऱ्या माणसाला बोलावून सगळं स्वयंपाकघर फवारून घेतलं. किडे होते तितकेच राहिले. शेवटी सासूबाईंनी दळणासाठी गॅलरीतल्या कोठीत हात घातला आणि मूठभर गव्हासोबत पीठ बाहेर आलं.

झुरळं, मुंग्या, उंदीर बाहेरून घरात शिरतात, त्यामुळे फटी बुजवणं आणि जाळ्या लावणं त्यांच्या बाबतीत अगदी योग्य. धान्याच्या किडीचा प्रवास बहुतेक वेळा उलटा असतो. ती पोत्यातून घरात आलेली असते, कोठीत वाढते आणि गर्दी झाली की उजेडाच्या दिशेने बाहेर पडते. खिडकीवर दिसणारा किडा आत येत नसतो, बाहेर निघालेला असतो. या घरात फवारणीवर झालेला खर्च आणि गेलेले तीन आठवडे वाया गेले ते एवढ्यासाठीच. तेवढ्या काळात कोठीत जवळजवळ अख्खी नवी पिढी तयार झाली.

कपाटातली गोळी

मी पोचले तेव्हा सरांनी इलाज आणून ठेवला होता. कपाटाच्या वरच्या कप्प्यातून त्यांनी एक चांदीच्या रंगाचं पाकीट काढलं. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. भावाने गावाकडून दिल्या होत्या.

"ताई, तो दरवर्षी घालतो. दोन गोळ्या फडक्यात बांधायच्या, गव्हात खुपसायच्या, झाकण लावायचं. आजवर कुणाला काही झालेलं नाही," सर म्हणाले.

"सर, त्यांची कोठी असते कुठे?"

"मागच्या पडवीत. गोठ्याला लागून."

"आणि तुमच्या?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. एक कोठी बंद केलेल्या गॅलरीत होती आणि दुसरी नातवंडांच्या झोपायच्या खोलीत, पलंगापासून दोन हातांवर.

सर विज्ञान शिकवत आलेले, त्यामुळे मी त्यांना भीती घातली नाही, आकडेमोड केली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून आम्ही दोघं बसलो. ३ ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावते आणि १ ग्रॅम फॉस्फिन वायू सोडते. फॉस्फिनचा रेणुभार ३४. म्हणजे नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅमचा वायू साधारण पाऊण लिटर. मुलांची खोली १० फूट बाय १२ फूट, उंची ९ फूट, म्हणजे सुमारे ३० घनमीटर. पत्र्याच्या कोठीचं झाकण हवाबंद नसतं. दोन गोळ्यांचा वायू त्या खोलीत पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत फॉस्फिनचे ४८ च्या आसपास भाग. कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या पाळीसाठी धरलेली मर्यादा ०.३ भाग आहे. ५० भागांना जीवाला तातडीचा धोका मानतात. पावसाळ्याची रात्र, खिडक्या बंद, आत झोपलेली दोन मुलं.

सरांनी ते गणित स्वतः पुन्हा करून पाहिलं, एकदा खोलीतल्या कपाटाची जागा वजा करूनही. मग पाकीट माझ्या हातात दिलं.

या वायूबद्दल आणखी तीन गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असायला हव्यात. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो म्हणतात, पण त्या वासावर विसंबता येत नाही. तो फटीतून, दाराखालून, पाइपांच्या डक्टमधून शेजारच्या घरात जातो, त्यामुळे गोळी एका घरात घातली तरी दुसऱ्या घरातली माणसं दगावू शकतात. आणि त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. आपल्या देशात या गोळ्या वापरायची मुभा शासकीय यंत्रणांना आणि किडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांना आहे, तीही मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. घराघरांत पोचणाऱ्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ साली पूर्ण बंदी आली. त्याच वर्षी ईडीबी म्हणजे इथिलीन डायब्रोमाइडवरही बंदी आली. साठी ओलांडलेल्या बायकांना कोठीत फोडून घालायच्या त्या काचेच्या कुप्या आठवत असतील. सासूबाईंना आठवत होत्या. त्या कधी बंद झाल्या आणि का, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बंदीचा कागद निघतो, पण तो स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, आणि ती जागा मग शेजारी-पाजारी ऐकलेली युक्ती भरून काढते.

पाकीट फोडलेलं नव्हतं हे नशीब. ते कोरड्या, झाकणाच्या डब्यात घालून उघड्या सज्जात उंचावर ठेवलं आणि मुलाने दुसऱ्या दिवशी गावी नेऊन, जिथून घेतलं होतं त्या कृषी सेवा केंद्रात परत केलं. अशा गोळ्या कचऱ्यात, मोरीत किंवा संडासात टाकायच्या नसतात. पाणी लागलं की एकदम वायू सुटतो.

तांदळाच्या डब्यात आणखी एक वस्तू निघाली: पारद टिकड्या. बाजारात सहज मिळतात आणि अनेक घरांत वर्षानुवर्षं वापरल्या जातात. पारद म्हणजे पारा. तो विषारी आहे आणि अन्नाशेजारी त्याचं काहीही काम नाही. दोन टिकड्या फुटून त्यांची भुकटी वरच्या तांदळात मिसळली होती. तो डबा खाऊ नका असं मी सांगितलं. दहा-बारा किलो चांगल्या वासाचा इंद्रायणी गेला. सासूबाईंना ते लागलं, आणि लागणारच.

कोठीत काय होतं

किडलेलं धान्य तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाही वर करून हात कोपरापर्यंत गव्हात घालायचा. गॅलरीतल्या कोठीत वरचा गहू गार लागत होता, पण बोटं खाली गेली तसा तो कोमट होत गेला आणि तळाशी चक्क उबदार. किडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि वाफ तयार होते. ती वाफ वरच्या थंड पत्र्याला लागून पुन्हा पाणी होते. झाकणाच्या आतल्या बाजूला गहू गोळा होऊन चिकटला होता आणि त्याला बुरशीचा वास होता.

मग वरचा, मधला आणि तळाचा असे तीन नमुने काढले आणि पांढऱ्या चादरीवर चाळले. चाळणीखाली जे पडलं त्यात चार प्रकारचे जीव होते. पहिला सोंडवाला, ज्याला कोणी टोके म्हणतं, कोणी पोरकिडे. भिंगाखाली त्याच्या पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात. दुसरा नळकांड्यासारखा, डोकं छातीखाली दडवलेला, दाणे पोखरणारा भुंगेरा. एवढं पीठ पाडणारा मुख्यतः हाच. तिसरा पिठातला तांबडा भुंगेरा. तो अख्खा दाणा फोडू शकत नाही, आधीच्या दोघांनी पाडलेल्या पिठावर आणि तुकड्यांवर जगतो. म्हणजे तो दिसला की प्रकरण जुनं आहे असं समजावं. तो वाढला की पिठाला उग्र दर्प येतो आणि पीठ गुलाबीसर दिसायला लागतं.

चौथा जीव पाहून सून घाबरली: मुंगीपेक्षा बारीक, काळी, पंखांची गांधीलमाशीची जात. ती धान्य खात नाही. दाण्यातल्या अळीवर अंडं घालते आणि तिच्या पिल्लाचं पोट त्या अळीवर भरतं. ती माणसाला चावत नाही. पण तिची गर्दी हे खात्रीचं चिन्ह आहे की दाण्यांच्या आत अळ्या मुबलक आहेत.

नंतर मोजदाद. डोळे मिटून उचललेले शंभर दाणे ताटात पसरायचे आणि भोकाचे वेगळे करायचे. गॅलरीतल्या कोठीत वरच्या थरात आठ-नऊ, तळाच्या थरात वीसच्या वर. मुलांच्या खोलीतल्या नव्या स्टीलच्या कोठीत तीन-चार. खाण्याच्या गव्हासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी किडलेल्या दाण्यांची मर्यादा शंभरात १० ठेवली आहे. घरी ती पाळलीच पाहिजे असा कायदा नाही, पण काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवायला ती रेघ उपयोगी पडते. नुसत्या नजरेने मात्र फसगत होते, कारण भोक पडलेला दाणा म्हणजे किडा बाहेर पडून गेलेला दाणा. ज्यात अळी अजून आहे तो वरून शाबूत दिसतो. त्यासाठी वाटीभर गहू मिठाच्या पाण्यात टाकून पाहावा. आतून पोखरलेले बरेचसे दाणे वर येतात.

एप्रिलमध्ये काय घडलं होतं

मी सासूबाईंना भरणीचा दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. त्यांच्या सांगण्यात कारणं एकेक करून आपोआप बाहेर आली.

सोसायटीची गच्ची दोन वर्षांपासून कुलूपबंद. वॉटरप्रूफिंगनंतर कोणी तिथे काही वाळत घालायचं नाही असा ठराव झाला होता. त्यामुळे गहू उन्हात न घालता, पोत्यातून थेट कोठीत गेला. पोती गेल्या वर्षीचीच, भावाच्या घरी माळ्यावर पडून असलेली. गोणपाटाच्या शिवणीत किडे महिनोन्महिने तग धरतात. गॅलरीतली पत्र्याची कोठी सासूबाईंच्या सासूची. ती पूर्ण रिकामी करायची नाही, तळाशी थोडं धान्य ठेवायचं, घरातली लक्ष्मी संपू द्यायची नाही, ही रीत. तळाशी मागच्या वर्षाचे दोन-तीन किलो गहू तसेच होते आणि नवा गहू त्यावर ओतला गेला. वर कडुनिंबाचा पाला घातला, पण त्याच सकाळी तोडलेला, हिरवागार. ओला पाला कोठीत ओलावा वाढवतो. पाला घालायचाच तर सावलीत खडखडीत वाळवून घालावा. शेवटची गोष्ट जागा. कोठी भिंतीला चिकटून, थेट फरशीवर, शेजारी वॉशिंग मशीन आणि वर पावसाळ्यात झिरपणारा कोपरा.

आता किडीच्या बाजूने पाहिलं तर चित्र स्पष्ट होतं. टोक्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, आत एक अंडं ठेवते आणि चिकट स्रावाने छिद्र बुजवून टाकते. अळी आणि कोष दोन्ही दाण्याच्या आतच. बाहेर येतो तो थेट पूर्ण वाढलेला किडा. २८ ते ३० अंश तापमान आणि ७० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असेल, तर हे चक्र चार-पाच आठवड्यांत पुरं होतं, आणि एक मादी आयुष्यात तीनशेच्या घरात अंडी घालू शकते. एप्रिल-मेमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, तेव्हा वाढ मंद. जूननंतर हवा दमट झाली की गहू ती दमटपणा ओढून घेतो. १० टक्के ओलाव्याचा दाणा टोक्यांना फारसा मानवत नाही; १३-१४ टक्क्यांचा दाणा त्यांना हवा तसा मऊ पडतो. एप्रिलमध्ये तळाशी मूठभर किडे असले, तरी ऑगस्टपर्यंत काय होतं हे समजायला वेगळं गणित नको.

त्यांनी कोठीत बिब्बे, लवंगा आणि काडेपेट्याही घातल्या होत्या. वेखंडाच्या भुकटीला किडे टाळतात आणि कडधान्यातल्या राखेचाही उपयोग होतो, हे मी अनुभवाने मानते. पण दाण्याच्या आत, बुजवलेल्या छिद्रामागे बसलेल्या अळीपर्यंत यातलं काहीही पोचत नाही. जुन्या उपायांना नावं ठेवायची मला गरज वाटत नाही. जुन्या घरांत हे उपाय उन्हाळ्यातल्या चार-चार दिवसांच्या वाळवणीनंतर केले जायचे आणि खरं काम त्या वाळवणीने केलेलं असायचं. फ्लॅटमध्ये वाळवण गळून पडली आणि बिब्बा तेवढा उरला.

श्रावणातला इलाज

पाऊस चालू, ऊन बेभरवशाचं, गच्ची बंद. त्यामुळे आदर्श उपाय बाजूला ठेवून जे शक्य आहे ते करायचं होतं.

गॅलरीतल्या कोठीत साठ-पासष्ट किलो गहू उरला होता. त्याचा खालचा, पिठाळलेला भाग खाण्यातून काढला. बुरशीचा वास असलेला चिकटलेला थर फेकला, कारण बुरशी लागलेलं धान्य जनावरांनाही देऊ नये. बाकीचा भावाच्या कोंबड्यांसाठी गेला. वरचा भाग चाळून, पाखडून घेतला. नुसतं चाळल्याने बाहेरचे किडे जातात, आतल्या अळ्या राहतात, म्हणून तो तीन-तीन किलोंच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवायचं ठरलं. उणे १८ अंशांना आठवडाभर ठेवलं की अंडी, अळी, कोष, किडा सगळं मरतं. घरच्या फ्रीजरमध्ये एका वेळी दोन पिशव्या मावत होत्या आणि घराला आठवड्याला साधारण पाच किलो पीठ लागतं, त्यामुळे हिशेब जमला. इथे एकच पथ्य: पिशवी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. लगेच उघडली तर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि ओला गहू गिरणीत जातो.

मुलांच्या खोलीतला क्विंटलभर गहू हा मोठा प्रश्न होता. तो कमी किडलेला होता, वाचवण्यासारखा होता, आणि फ्रीजरमध्ये मावणारा नव्हता. तो चाळून घेतला आणि अन्नासाठीच्या प्लॅस्टिकचे, रबरी कड आणि कडीवाल्या पट्ट्याचं झाकण असलेले ६० लिटरचे दोन ड्रम आणून त्यांत भरला. एका ड्रममध्ये ४५-४६ किलो बसला. ड्रम हलवून, ठोकून गहू खाली बसवला आणि अगदी तोंडापर्यंत भरला, वर हवेला जागा राहू दिली नाही. झाकणाच्या कडेला चिकटपट्टीचे दोन वेढे. आतले किडे आतलाच ऑक्सिजन वापरतात. तो ५ टक्क्यांच्या खाली गेला की त्यांचं खाणं आणि अंडी घालणं थांबतं आणि काही आठवड्यांत ते मरू लागतात. यासाठी दोनच अटी आहेत: ड्रम भरलेला हवा आणि तो मध्ये उघडता कामा नये. दर आठवड्याला दळणासाठी उघडला जाणारा अर्धा रिकामा डबा कितीही घट्ट झाकणाचा असला तरी किड्यांना पुरेल इतकी हवा त्यात येतच राहते. गॅलरीतली कोठी आणि खोलीतली कोठी यांच्यात एवढा फरक पडला, त्याचं एक मोठं कारण हेच होतं. खोलीतल्या कोठीचं झाकण एप्रिलनंतर कोणी उघडलंच नव्हतं.

गव्हाला किंवा कोठीत कोणतंही फवारणीचं औषध लावू नका हे मी दोनदा सांगितलं. स्प्रे दाण्याच्या आत जात नाही. तो दाण्यावर बसतो आणि पुढे भाकरी-पोळीतून पोटात जातो. बोरिक पावडरचंही तेच. तांदळाला आणि डाळीला ती चोळून ठेवायची सवय आपल्याकडे खोल रुजली आहे, पण बोरिक अॅसिडला अन्नात घालायची परवानगी नाही, आणि लहान मुलांच्या घरात तर ती नकोच.

जुनी कोठी रिकामी झाली तेव्हा सासूबाई तिच्याजवळ उभ्याच राहिल्या. लक्ष्मीचा प्रश्न होता. मी म्हटलं, "काकू, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवलेले मूठभर गहू छोट्या झाकणाच्या डबीत घाला आणि ती डबी कोठीत ठेवा. कोठी रिकामी राहणार नाही." त्यांना ते लगेच पटलं. कोठी गॅलरीबाहेर काढून तिच्या शिवणी जुन्या टूथब्रशने खरवडल्या, उकळतं पाणी ओतलं, ऊन पडेल तेव्हा उलटी करून वाळवली. शिवणीतून जितकी भुकटी निघाली तितकी पाहून मुलगा म्हणाला की पुढच्या वर्षीची सोय इथेच झालेली होती.

दसऱ्यानंतर

ऑक्टोबरचं ऊन पडलं तेव्हा पहिला ड्रम उघडला. झाकणाखालच्या थरात मेलेल्या टोक्यांचा सडा होता. हवा कमी होत गेली तसे ते वर सरकले असावेत. हलणारं काही नव्हतं. पण कोषातली कीड हवा कमी असली तरी बराच तग धरते, म्हणून त्यातला मूठभर गहू काचेच्या बरणीत घालून, तोंडाला मलमलीचं फडकं बांधून बाजूला ठेवला. महिन्याभरात त्यातून दोन जिवंत टोके निघाले. किडीची वाढ थांबली होती, मुळापासून संपली नव्हती. उरलेलं काम उन्हाने करायचं होतं.

गच्चीसाठी सरांनी सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणी केली. त्यांची हरकत वाजवी होती: वॉटरप्रूफिंगवर खडे, ओझं, घासाघीस नको. आधी जाड सतरंजी, त्यावर काळी ताडपत्री, चपला काढून वावर, या अटींवर दोन रविवार मिळाले.

गव्हाला ऊन दाखवणं आणि गहू तापवणं यांत फरक आहे, आणि बहुतेक घरांत तो लक्षात घेतला जात नाही. उघड्यावर जाड थर पसरला तर गहू जेमतेम चाळिशीपर्यंत तापतो. त्याने ओलावा उतरतो, बाहेरचे किडे चालत सावलीला निघून जातात, आतल्या अळ्या मात्र सुखरूप राहतात. त्यांना मारायला दाणा पन्नास अंशांच्या वर जायला हवा आणि तिथे काही काळ टिकायला हवा. म्हणून काळ्या ताडपत्रीवर गव्हाचा जेमतेम बोटभर जाडीचा थर, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक आणि चारही कडांना विटा. सरांनी स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर दाण्यांत खुपसून ठेवला होता आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहीत होते. दुपारी एकच्या सुमाराला तो ५५ च्या पुढे गेला. तीनपर्यंत तसाच ठेवला. (पेरणीच्या बियाण्याला ही रीत चालणार नाही, उगवण मरते. पोळीच्या गव्हाचं काही बिघडत नाही.)

संध्याकाळी गहू खाली आणून चादरीखाली रात्रभर पूर्ण गार होऊ दिला आणि सकाळी भरला. गरम गहू कोठीत भरला तर आत घाम सुटतो आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. त्या गव्हाचा नमुना पुन्हा बरणीत ठेवला. त्यातून काही निघालं नाही.

पुढचा हंगाम

मी त्यांना वर्षाचं धान्य भरणं सोडा असं सांगितलं नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पुष्कळांनी ते सोडलं आहे आणि त्यांचं बरं चाललं आहे. पण या घराला गहू भावाच्या शेतातला हवा असतो. त्यात भावाचाही आधार आहे, आणि दुकानातला दर महिन्याचा गहू किडका नसेल याची खात्री तरी कोण देतं? सुचवलं ते एवढंच की दोन क्विंटलच घ्यावेत आणि तेही चार ड्रममध्ये वाटून. एक ड्रम संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मोठ्या कोठीत आता वापरातला ड्रम संपेपर्यंतचं दळण तेवढं राहतं. ती फरशीवरून उचलून लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवली आहे. पोती नवी आणायची किंवा उकळत्या पाण्यातून काढून वाळवायची हे भावाने मान्य केलं.

एप्रिलमध्ये सोसायटीच्या सभेत सरांनी गच्चीचा विषय मांडला. वाळवणासाठी उन्हाळ्यातले चार रविवार, पाळीपाळीने, असा ठराव झाला. सहा घरांनी नावं दिली. सगळ्यांना ताडपत्रीची जाडी आणि प्लॅस्टिकचं आवरण सर स्वतः सांगत होते.

त्या ऑगस्टमध्ये मी जाऊन हात कोपरापर्यंत घालून पाहिला. गहू वरपासून तळापर्यंत गार होता. शंभर दाण्यांत एक भोकाचा निघाला, तोही बहुधा शेतातूनच आलेला.

कडधान्याचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. तूरडाळ त्या वर्षीही ठीक होती आणि पुढेही राहिली. कडधान्याच्या भुंगेऱ्याची मादी अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. साल काढून भरडलेल्या डाळीत तिला ती सोय नसते. मूग आणि मटकीवर पांढरे ठिपके दिसतात ती हीच अंडी. सुरुवात मात्र शेतातच होते: तिथे मादी शेंगांवर अंडी घालते आणि अळी दाण्यात शिरते, त्यामुळे भुंगेरा घरी येतो तो मुगाच्याच पोटात बसून. किलोला ५ मिलिलिटर शेंगदाण्याचं किंवा एरंडेल तेल नीट चोळलं तर बरीचशी अंडी मरतात. पण सासूबाईंना तेल लावलेल्या मुगाला मोड नीट येत नाहीत असं वाटतं आणि त्यांच्या उसळीबद्दल मी वाद घालणार नाही. मूग आता दोन-दोन किलो आणले जातात, आठवडाभर फ्रीजरमध्ये राहतात आणि मगच डब्यात जातात. मटकी अजून गावाहून पाच किलोच्या पिशवीत येते, आणि ती आल्या आल्या फ्रीजरमध्ये जाईल की नाही हे त्या दिवशी फ्रीजरमध्ये जागा किती आहे त्यावर ठरतं.